हॅरिएट टबमनचा अर्ज

विद्यार्थी मित्रांनो, नोव्हेंबर महिन्यात तुम्ही एखाद्या बँकेत गेलात, तर तेथे म्हाताऱ्या माणसांची गर्दी दिसेल. कोणी काठी टेकत आलेले असते. कोणाला नातवाने हाताला धरून आणलेले असते. ही मंडळी पेन्शनर. आपण जिवंत आहोत, हे त्यांना दरवर्षी सरकारला कळवावे लागते. त्या कागदाला मराठीत हयातीचा दाखला म्हणतात. 'हयात' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. तो उर्दूतही आहे. माणूस समोर उभा असला, तरी कागद लागतोच.

अमेरिकेत एक बाई अशाच कागदांच्या मागे तीस वर्षे होती. तिने लढाईत काम केले होते. ते हजारो लोकांनी पाहिले होते. सेनापतींनी तशी पत्रे लिहून दिली होती. तरीही तिचे नाव सरकारच्या वहीत नव्हते. त्या बाईचे नाव हॅरिएट टबमन.

हॅरिएटचा जन्म १८२२ च्या सुमारास मेरिलँड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात झाला. 'सुमारास' म्हणायचे कारण असे, की तिची जन्मतारीख कोणी नीट लिहून ठेवली नाही. ती गुलाम आईबापांची मुलगी होती, म्हणून तीही गुलाम. तिचे लहानपणचे नाव अरामिंटा. घरात तिला मिंटी म्हणत. पाच-सहा वर्षांची असतानाच मालकाने तिला दुसऱ्यांच्या घरी कामाला पाठवले. बाळ रडले, की मिंटीला चाबकाचे फटके बसत. ते वळ तिच्या मानेवर शेवटपर्यंत राहिले. तिच्या बहिणींना मालकाने विकून टाकले. त्या कोठे गेल्या, हे घरच्यांना कळलेही नाही.

ती बारा-तेरा वर्षांची असताना एक प्रसंग घडला. गावातल्या दुकानात एक गुलाम पळून जाऊ लागला. मुकादमाने त्याच्या दिशेने दोन पौंडांचे लोखंडी वजन भिरकावले. ते त्याला न लागता मिंटीच्या डोक्यावर बसले. ती वाचली, पण तेव्हापासून तिला मधूनच एकाएकी झोप लागे. बोलता बोलता तिचे डोळे मिटत. थोड्या वेळाने ती जागी होई आणि राहिलेले वाक्य पुरे करी. हे दुखणे जन्मभर तिच्या मागे लागले. पुढे तिने जी कामे केली, ती हे दुखणे घेऊन केली, एवढे तुम्ही ध्यानात ठेवा.

१८४४ च्या सुमारास तिचे जॉन टबमन नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाशी लग्न झाले. त्याच सुमारास तिने आईचे हॅरिएट हे नाव घेतले. १८४९ मध्ये तिचा मालक मेला. आता आपल्याला विकणार, हे तिने ओळखले आणि एके रात्री ती निघाली. नवरा बरोबर आला नाही. ध्रुवतारा पाहत, दिवसा लपत आणि रात्री चालत ती फिलाडेल्फियाला पोहोचली. तेथे गुलामगिरी नव्हती.

ती स्वतः सुटली. तेथेच थांबली असती, तर तिचे नाव आज आपल्याला कळलेही नसते. पण ती परत गेली. एकदा नव्हे, सुमारे तेरा वेळा. प्रत्येक वेळी भाऊ, भाच्या, ओळखीचे, अनोळखी अशा लोकांना बाहेर काढून तिने उत्तरेला नेले. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेतूनही धरून नेता येत असे. म्हणून ती लोकांना थेट कॅनडापर्यंत पोहोचवू लागली. म्हाताऱ्या आईवडिलांनाही तिने १८५७ मध्ये आणले. जुन्या पुस्तकांत तिने ३०० माणसे सोडवली आणि तिच्या डोक्यावर ४० हजार डॉलरचे बक्षीस होते, असे लिहिलेले आढळते. नंतरच्या अभ्यासकांनी कागद तपासले, तेव्हा हे आकडे फुगवलेले निघाले. खरा आकडा ७० च्या आसपास आहे. मला तर हा लहान आकडाच अधिक मोठा वाटतो; कारण त्यातला प्रत्येक माणूस तिने स्वतः बाहेर आणला होता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलाम ठेवायचे होते. त्यांनी फुटून वेगळे सरकार केले. १८६२ मध्ये हॅरिएट उत्तरेच्या फौजेबरोबर साउथ कॅरोलायना राज्यात गेली. तेथे समुद्रकाठी फौजेचा तळ होता. मळ्यांतून सुटलेले हजारो गुलाम तेथे आसऱ्याला आले होते. त्यांच्यात आणि सैनिकांत हगवण, ताप, देवी असे रोग पसरले होते. हॅरिएट दिवसभर इस्पितळात जखमा धुई. रानातली मुळे आणि पाला उकळून ती रोग्यांना काढे देई. सुरुवातीला तिला सैनिकांप्रमाणे शिधा मिळत असे. पण तिला आपल्यापेक्षा जास्त मिळते, अशी कुजबुज इतर कृष्णवर्णीय लोकांत सुरू झाली. तिने शिधा घेणेच सोडले. मग ती रात्री जागून केक आणि मुळांचे गोड पेय तयार करी. दुसऱ्या दिवशी ते विकून ती आपले पोट भरी.

हे झाले इस्पितळातले काम. तिचे दुसरे काम गुप्त होते. ती हेर होती. तिच्या हाताखाली आठ-नऊ माणसे होती. ती त्या भागातल्या नद्या आणि पाणवाटा ओळखत. शत्रूची ठाणी कोठे आहेत, नदीत स्फोटके कोठे पुरली आहेत, हे ही माणसे मळ्यांतल्या गुलामांकडून काढून घेत. गोऱ्या अधिकाऱ्यांना जे कोणी सांगितले नसते, ते लोक हॅरिएटला सांगत.

१ जून १८६३ च्या रात्री कर्नल माँटगोमेरी याच्या तीन बोटी कोंबाही नदीकडे निघाल्या. बोटींवर कृष्णवर्णीय सैनिक होते आणि वाट दाखवायला हॅरिएट होती. एक बोट गाळात रुतली. दोन पुढे गेल्या. पुरलेली स्फोटके चुकवत त्या पहाटे भाताच्या मळ्यांपाशी पोहोचल्या. बोटींच्या शिट्ट्या झाल्या आणि शेतांतून माणसे धावत सुटली. एका बाईने चुलीवरचे भाताचे भांडे तसेच डोक्यावर घेतले होते. त्यातून वाफा निघत होत्या. कोणाच्या खांद्यावर पोर होते, कोणाच्या हातात कोंबड्या होत्या. मुकादम ओरडत राहिले. त्या एका सकाळी साडेसातशेहून अधिक माणसे गुलामगिरीतून सुटली. त्यांतले कित्येक पुरुष पुढे त्याच फौजेत भरती झाले.

आता पगाराचे पाहू. त्या फौजेत गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर मिळत. कृष्णवर्णीय शिपायाला १० डॉलर देत आणि त्यांतून कपड्यांचे ३ डॉलर कापून घेत. म्हणजे हातात ७ पडत. १८६४ मध्ये हा भेद कायद्याने काढला. हॅरिएटला मात्र ठरलेला पगारच नव्हता. तीन वर्षांत तिला सगळे मिळून सुमारे २०० डॉलर मिळाले. ते पैसे तिने एक धुलाईघर उभारण्यात घातले. सुटून आलेल्या बायकांनी सैनिकांचे कपडे धुऊन चार पैसे कमवावेत, असा तिचा विचार होता.

तिला पगार का नव्हता? कारण बाईला फौजेत भरती करण्याची सोयच नव्हती. तिला कामे तोंडी सांगितली जात. हेराचे नाव वहीत लिहीत नाहीत, नाहीतर तो हेर कसला! युद्ध चालू असताना ही गोष्ट सर्वांच्याच सोयीची होती. युद्ध संपल्यावर ती गैरसोय फक्त हॅरिएटची झाली.

१८६५ मध्ये ती घरी परतत होती. तिच्याजवळ फौजेचा पास होता. त्यावर सैनिकांप्रमाणे अर्ध्या भाड्यात प्रवास करता येत असे. न्यू जर्सी राज्यात गाडीच्या कंडक्टरने पास पाहिला आणि तो तिचा असणे शक्य नाही, असे ठरवून टाकले. त्याने तिला डबा सोडायला सांगितले. ती उठली नाही. तेव्हा त्याने आणखी माणसे बोलावली. सर्वांनी मिळून तिला ओढत नेऊन सामानाच्या डब्यात फेकले. तिच्या हाताला जबर दुखापत झाली आणि कित्येक महिने तिला काम करता आले नाही. तीन वर्षे लढाईच्या मुलखात राहून तिला गोळी लागली नव्हती. हात मोडला तो आपल्याच बाजूच्या राज्यात, आपल्याच फौजेचा पास दाखवताना.

तिचे घर न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न या गावी होते. विल्यम सेवर्ड या पुढाऱ्याने १८५९ मध्ये ती जागा तिला हप्त्याने विकली होती. घरात म्हातारे आईवडील होते. शिवाय कोणी आंधळा, कोणी अनाथ, कोणी निराधार अशी माणसे कायम येऊन राहत आणि हॅरिएट कोणाला नाही म्हणत नसे. १८६८ मध्ये चार्ल्स वुड या गावातल्या गृहस्थाने तिची कागदपत्रे जमवून सरकारकडे मागणी पाठवली. टेहळणीच्या कामाचे महिना ३० डॉलरप्रमाणे ९६६ डॉलर होत होते. सेवर्ड हे त्या वेळी देशाचे परराष्ट्रमंत्री होते. त्यांनी शिफारस केली. सॅक्स्टन नावाच्या सेनापतीने, तिचे काम आपण पाहिले आहे, असे लिहून दिले. आता याहून मोठे साक्षीदार कोठून आणायचे? पण पैसे आले नाहीत. दुसऱ्या वर्षी सारा ब्रॅडफर्ड या लेखिकेने तिचे चरित्र छापले आणि विक्रीचे पैसे तिला दिले. त्यावर काही दिवस निघाले.

येथे तुम्हांला महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगतो. १८७३ मध्ये पुण्याच्या जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले. ते त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. कारण गुलामांना मुक्त करण्यासाठी त्या लोकांनी मोठा त्याग केला होता. जोतीरावांचे ते अर्पण योग्य माणसांनाच होते. हॅरिएट ही त्यांतलीच एक होती. पण पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, काय झाले ते पाहा. तिला २ हजार डॉलर द्यावेत, असे विधेयक अमेरिकेच्या संसदेत आले. अमेरिकेत संसदेला काँग्रेस म्हणतात; तिची प्रतिनिधिगृह आणि सिनेट अशी दोन सभागृहे आहेत. ते विधेयक सिनेटमध्ये पडले.

आता हॅरिएट म्हातारपणाकडे झुकली होती. आपणही तिला यापुढे हॅरिएटबाई म्हणू या.

पहिला नवरा जॉन टबमन याने त्यांच्या पळून जाण्यानंतर दुसरे लग्न केले होते आणि १८६७ मध्ये तो मारला गेला होता. १८६९ मध्ये हॅरिएटबाईंनी नेल्सन डेव्हिस याच्याशी लग्न केले. तो त्यांच्यापेक्षा वयाने बराच लहान होता. यादवी युद्धात तो कृष्णवर्णीयांच्या आठव्या पलटणीत शिपाई होता. त्याला क्षयाने ग्रासले होते. १८८८ मध्ये तो वारला. दोन वर्षांनी, १८९० मध्ये, सरकारने नवा कायदा केला. त्याप्रमाणे युद्धातल्या शिपायांच्या विधवांना पेन्शन मिळू लागली. हॅरिएटबाईंनी त्याच वर्षी अर्ज केला.

मित्रांनो, येथे एका शब्दाकडे लक्ष द्या. मराठीत दप्तर म्हणजे तुमची वह्या-पुस्तकांची पिशवी. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. जुन्या मराठीत कचेरीतल्या कागदांच्या गाठोड्यालाही दप्तरच म्हणत. हॅरिएटबाईंच्या नावाचे असेच एक दप्तर वॉशिंग्टनच्या पेन्शन कचेरीत तयार होऊ लागले आणि फुगत गेले.

कचेरीने विचारले, नेल्सन डेव्हिस नावाचा शिपाई पलटणीत होता कोठे? वहीत नेल्सन चार्ल्स असे नाव होते. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करा. त्याच्याशी लग्न झाले, हे सिद्ध करा. पहिला नवरा त्या लग्नाआधीच मेला होता, हे सिद्ध करा. स्वतःचे नाव अरामिंटाचे हॅरिएट कसे झाले, तेही सांगा. ज्यांचा जन्मच कोणी नोंदवला नव्हता, त्यांच्याकडे हे सगळे मागितले जात होते. कचेरीतला कारकून दुष्ट होता, असे मी म्हणणार नाही. खोटे अर्जही पुष्कळ येत, आणि त्याला नियमाने चालायचे होते. पण नियम ज्यांनी केले, त्यांच्या डोळ्यांसमोर जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला असलेली माणसे होती. गुलाम म्हणून जन्मलेल्यांना यांतले काहीच मिळालेले नव्हते.

गावातल्या लोकांनी साक्षी दिल्या. नेल्सनला ओळखणारे पुढे आले. पाच वर्षे गेली. ऑक्टोबर १८९५ मध्ये पेन्शन मंजूर झाली. महिना ८ डॉलर. मागची बाकी म्हणून सुमारे ५०० डॉलर एकदम मिळाले.

पण हे पैसे कशाचे होते? नेल्सनच्या शिपाईगिरीचे. त्याची विधवा म्हणून. हॅरिएटबाईंच्या स्वतःच्या तीन वर्षांचे त्यात काही नव्हते. कोंबाही नदीवरची ती पहाट कोणत्याच रकान्यात बसली नव्हती. दुसरी एखादी बाई मिळाले त्यावर गप्प बसली असती. हॅरिएटबाई बसल्या नाहीत.

१८९८ च्या सुमारास त्यांनी शपथेवर एक कागद करून दिला. तो आजही अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागारात जपून ठेवलेला आहे. तीन वर्षे आपण इस्पितळात परिचारिका आणि स्वयंपाकीण म्हणून काम केले, आणि आठ-नऊ हेरांच्या तुकडीच्या आपण प्रमुख होतो, असे त्यात लिहिले आहे. त्याबद्दल त्यांनी १,८०० डॉलर मागितले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून कागदाखाली सहीच्या जागी एक फुली आहे. दोन तिरक्या रेघा. आपल्याकडे अंगठा उठवतात, तशीच ही रीत.

डिसेंबर १८९७ मध्ये ऑबर्न भागाचे प्रतिनिधी सेरेनो पेन यांनी संसदेत विधेयक मांडले होते. हॅरिएटबाईंना त्यांच्या स्वतःच्या कामाबद्दल सैनिकाप्रमाणे महिना २५ डॉलर पेन्शन द्यावी, अशी त्यात मागणी होती. तीस वर्षांपूर्वीची पत्रे पुन्हा बाहेर निघाली. तेव्हाचे सेवर्ड आता हयात नव्हते. त्यांचे पत्र मात्र होते. बाईला सैनिकाची पूर्ण पेन्शन द्यायची, हे काही सभासदांना पटेना. घासाघीस झाली. १८९२ च्या एका कायद्याने युद्धातल्या परिचारिकांना महिना १२ डॉलर मिळत. मग विधवेचे ८ आणि परिचारिकेचे १२, असे मिळून २० ठरले. फेब्रुवारी १८९९ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्यावर सही केली.

विधवा झाली, परिचारिका झाली. हेर आणि तुकडीच्या प्रमुख मात्र त्या कागदावर आल्याच नाहीत. म्हणजे २५ आणि २० यांत फरक फक्त ५ डॉलरचा नव्हता.

हॅरिएटबाईंनी ही पेन्शन घेतली आणि खर्च केली. जपून ठेवण्याची त्यांना सवयच नव्हती. घरापाशीच २५ एकर जमीन होती. १८९६ मध्ये तिचा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी बोली लावून ती घेतली. निराधार म्हाताऱ्या कृष्णवर्णीय लोकांसाठी तेथे घर उभारायचे त्यांच्या मनात होते. कर्ज फिटेना, म्हणून १९०३ मध्ये त्यांनी ती जमीन चर्चला देऊन टाकली. चर्चने १९०८ मध्ये घर सुरू केले. आत येणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घ्यायचे, असे चर्चने ठरवले, तेव्हा हॅरिएटबाई रागावल्या. ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याच्यासाठीच तर हे घर, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ मध्ये त्या स्वतः थकून त्याच घरात राहायला आल्या. १० मार्च १९१३ रोजी न्यूमोनियाने तेथेच त्यांचा मृत्यू झाला. ऑबर्नच्या फोर्ट हिल कबरस्तानात त्यांचे दफन झाले. त्या वेळी लष्करी मान दिला गेला.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाने आपल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव घातले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेरिलँड राज्याने त्यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा दिला. ज्या राज्यातून त्या रात्री लपत पळाल्या, तेच हे राज्य.

पैशांचा हिशेब त्याआधीच निघाला होता, आणि तो एका शाळेमुळे निघाला. न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी शहराच्या एका लहान शाळेतली मुले हॅरिएटबाईंचे चरित्र अभ्यासत होती. त्यांना हक्काची पेन्शन पुरती मिळालीच नाही, हे मुलांच्या लक्षात आले. मुलांनी आपल्या राज्याच्या सिनेटर हिलरी क्लिंटन यांच्याकडे मागणी केली. २००३ मध्ये संसदेने ११,७५० डॉलर मंजूर केले. घेणारे हात राहिले नव्हते. म्हणून ती रक्कम ऑबर्नला, त्यांच्या घराच्या देखभालीसाठी पाठवली गेली.